नळाच्या पाण्याने वाढवलेली बाटली

“टाक ना, रश्मी! थेंब टाक लवकर!”

काळाचौकीतल्या चाळीच्या अंगणात सकाळी साडेनऊलाच निम्मी चाळ जमली होती. आठ दिवस सगळ्यांचा चहा खारट लागत होता. सातवीतल्या रश्मीला मे महिन्याच्या सुट्टीत पाणी तपासायचं एवढं मोठं काम कुठे मिळायला! तिने टाकीच्या पाण्याच्या पेल्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. पाणी पांढुरकं झालं.

“पांढरं म्हणजे खारं!” रश्मी ओरडली. “लवूकाका टाकीत आपल्या खाऱ्या विहिरीचं पाणी चढवतात!”

लवूकाका वीस वर्षं चाळीचा पंप सांभाळत होते. पंपाच्या खोलीची किल्ली काढून त्यांनी सेक्रेटरी जयवंतरावांच्या हातात ठेवली.

“संध्याकाळच्या मीटिंगमध्ये दुसरा माणूस ठरवू,” जयवंतराव म्हणाले. बायकांनी रश्मीची पाठ थोपटली. काय ती ऐट बाईसाहेबांची!

ऐट दुपारपर्यंत टिकली. तिचा मित्र निलेश वडिलांच्या टॅक्सीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घेऊन आला. “यात टाक गं, गंमत बघू!”

थेंब पडला. हेही पांढरं!

“आयला! लवूकाकांनी बॅटरीत पण विहीर घातली?” निलेश फिदीफिदी हसला. रश्मीने मात्र बाटली उचलली आणि चाळीतल्याच सम्यकदादाची खोली गाठली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मीठ नसतंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

माटुंग्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकणाऱ्या सम्यकदादाने बाटली उजेडात धरली. “यात काय घातलंस?”

“तू अर्धीच बाटली दिली होतीस ना... पुरणार नाही म्हणून नळाचं पाणी घालून वाढवलं.” घरी पाहुणे आले की आई आमटी वाढवते, अगदी तसंच!

“अगं शहाणे! नळाच्या पाण्यातही थोडे क्षार असतात. रसायन बाटलीतच त्यांच्याशी भिडलं आणि पांढरं झालं. आता ते कशातही टाक, पांढरंच दिसणार! पातळ करायचं ते डिस्टिल्ड वॉटरने!”

किल्ली देतानाचा लवूकाकांचा चेहरा रश्मीच्या डोळ्यांसमोरून हलेना.

दादाने आपल्याकडचं उरलेलं द्रावण काढलं. पालिकेच्या नळाचं पाणी जेमतेम धुरकटलं. टाकीचं मात्र दुधासारखं पांढरंफटक झालं!

“सुटलीस! टाकी खारीच निघाली. बाटलीचं कुणाला बोलूच नको,” निलेश म्हणाला. आपण खरंच सुटलो, असं क्षणभर वाटलं, याचीच रश्मीला जास्त लाज वाटली.

खारं पाणी टाकीत येतंय कुठून, ते बघायला रश्मी आणि निलेश पंपाच्या खोलीमागे धावले. विहिरीच्या आणि टाकीच्या लाइनींना जोडणारा एक कोरा पाइप! व्हॉल्व्ह सताड उघडा, विहिरीचं पाणी सरळ टाकीत! पाइपाचा फाटा थेट जयवंतरावांच्या गाडीपाशी गेला होता.

संध्याकाळी मीटिंगमध्ये निलेशने साळसूदपणे विचारलं, “जयवंतकाका, तुमच्या गाडी धुवायच्या पाइपाला काय फोर्स आहे हो! कुणी लावला?”

“मीच! खास प्लंबर आणला. विहीर आणि टाकी, दोन्ही लाइनी जोडून घेतल्या...” जयवंतराव मध्येच थांबले. उशीर झाला होता. सगळी चाळ त्यांच्याकडे बघत होती.

“शाबास रे पोरांनो!” टाळ्या पडल्या.

रश्मी उभी राहिली. “मला शाबासकी नको. माझी बाटली बिघडलेली होती. सकाळी कुठलंही पाणी पांढरंच दिसलं असतं. मी काही न तपासता लवूकाकांना चोर ठरवलं.” तिला हुंदका फुटला.

“सगळ्यांसमोर चूक कबूल करायला छाती लागते,” चाळीतले म्हातारे कुशाबा म्हणाले. “बघ जयवंता, शिक काहीतरी!”

जयवंतरावांनी मान खाली घालून किल्ली परत दिली. लवूकाका ती घेऊन सरळ आपल्या खोलीत गेले. रश्मीला वाटलं, धरणी दुभंगावी! पण ते आले ते माठातल्या पाण्याचा पेला घेऊनच.

“पी गो चेडवा. की आदी थेंब टाकून बघतंस?”

रश्मीने दोन्ही हातांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.