सकाळी काय खाल्लंस?

पॅरिसच्या त्या रेडिओ स्टुडिओत ओदिल पहिल्यांदा आली ती म्हाताऱ्याच्या मागोमाग, ओली छत्री सांभाळत. म्हातारा म्हणजे तत्त्ववेत्ता आर्माँ व्हालेक. ‘खरं असं काही उरलेलंच नाही, उरल्यात त्या नकला,’ या एका वाक्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. कुठे युद्ध होवो की निवडणूक, परदेशी वाहिन्यांना मत हवं ते त्याचंच! ओदिल त्याची दुभाषी.

काचेपलीकडे बसलेल्या ध्वनितंत्रज्ञ माएलने आवाज तपासायला नेहमीचा प्रश्न विचारला, “सकाळी काय खाल्लंत?” या उत्तराकडे कुणीच लक्ष देत नाही, बघायचा तो फक्त आवाजाच्या मीटरचा काटा.

“कालचा पाव... आणि जॅम संपलेला!” ती म्हणाली.

माएल काटा बघायचा विसरला.

मग दर गुरुवारी कार्यक्रमानंतर दोघांची कॉफी सुरू झाली. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

“हसतेस तेव्हा फार गोड दिसतेस,” तो एकदा धीर करून म्हणाला.

“सर म्हणतात, असली वाक्यं सिनेमांनी वापरून पार झिजवलीत.”

“सर, सर, सर! त्यांच्याशीच लग्न कर!”

“जळतोस? ब्याऐंशी वर्षांच्या माणसावर?”

जळत होताच. ती म्हाताऱ्याचा मफलर नीट करायची, तेव्हा माएलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि आता तर व्याख्यानांसाठी ती म्हाताऱ्याबरोबर वर्षभर न्यूयॉर्कला निघाली होती.

शेवटच्या गुरुवारी त्याने कोरड्या आवाजात विचारलं, “सकाळी काय खाल्लंस?”

“काही नाही... घशाखाली उतरेना.”

काटा ठीक होता. पुढे विचारायची गरज नव्हती. तरी त्याने विचारलं, “का?”

“कुणीतरी ‘थांब’ म्हणेल, म्हणून वाट बघतेय... तीन महिने.”

माएलने स्टुडिओत बोलायचं बटण दाबलं. “थांब ना, ओदिल.”

ते बटण सगळ्यांच्याच हेडफोनला जोडलेलं असतं, हे तो साफ विसरला.

म्हातारा हसला. “पोरी, हेही सिनेमातलंच वाक्य.”

“असू दे, सर,” ओदिलचे डोळे भरून आले होते. “मला मात्र पहिल्यांदाच म्हटलंय कुणीतरी. मी येत नाही.”

प्रक्षेपणाचा लाल दिवा लागायला अर्धं मिनिट होतं. साऱ्या जगाला उत्तरं देणाऱ्या त्या माणसाने आज स्वतःच मफलर गुंडाळला आणि काचेतून माएलकडे पाहिलं. ती नजर माएलने लगेच ओळखली. तीन महिने तो स्वतः म्हाताऱ्याकडे तशाच नजरेने पाहत आला होता.