बाजूची सीट

धाकट्या भावानं, सौरवनं, बाबांचा जुना पिकअप दुरुस्त करायला काढला, तेव्हा मयुराला आधी हसूच आलं. सावनेरच्या संत्र्याच्या बागेत, शेडमध्ये ती गाडी इतकी वर्षं उभी होती, की तिच्या टपावर कोंबड्या अंडी घालत. अडुसष्ट सालची, पेट्रोलवर चालणारी. तोंड जीपसारखं आणि मागं संत्री भरायचा लोखंडी हौदा.

बाबांनी जाताना ती सौरवला दिली. दवाखान्यातल्या खाटेवरून, सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडी सौरवची." मयुरा त्यांच्या उशाशी उभी होती. खरं तर सौरव त्या गाडीत कधी बसलाच नव्हता. पेट्रोलच्या वासानं त्याला मळमळायचं. बाबांच्या बाजूच्या सीटवर बसून बाजाराला जायची ती मयुरा. दहा वर्षांची असताना तिनं कालव्याच्या पुलापर्यंत गाडी चालवलीही होती, आणि त्या दिवसापासून गाडीत, फक्त गाडीत, बाबा तिला 'डायवर' म्हणायचे. हे नाव बाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. आईलाही नाही.

मयुरा आता नागपूरला, धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. एकदा दिसलेलं दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय सही करायची नाही, असा तिचा खाक्या. मदतीच्या निमित्तानं ती रविवारी बागेत जाऊ लागली. खरं म्हणजे तिला पाहायचं होतं, हा किती दिवस तग धरतो.

तो टिकला. नवं सामान लावायचं नाही, त्या काळातलंच हवं, असा हट्ट धरून बसला. कामठीच्या भंगारवाल्यांकडे मिलिटरीच्या लिलावातलं जुनं सामान निघतं; तिथून कार्बोरेटर आला, डायनॅमो आला, हेडलाइटच्या कड्या आल्या. सीट काथ्या भरून नव्यानं शिवून घेतली. इंजिन सुरू झालं, पण गिअर सौरवच्या हाती येईनात. दर वेळी दातांवर दात घासल्यासारखी खरखर. गिअरची मूठ दुसऱ्या गाडीची लावलीय म्हणून असं होतं, असं त्याच्या मनानं घेतलं. बाबांची मूठ कुठी गेली कोणास ठाऊक, म्हणाला.

मूठ मयुराकडे होती. तेरवीनंतर तिनं ती फिरवून काढली होती आणि कपाटात साड्यांखाली ठेवली होती. काळ्या बेकलाइटची, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. ती तिनं सौरवला आणून दिली. का दिली, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक आपल्यावाचून याची गाडी हलत नाही, हे त्याला दिसावं म्हणून.

पुढच्या खेपेला ती गेली, तर सौरव बागेतल्या वाटेनं गाडी फिरवत होता. गिअर अलगद पडत होते. क्लच दोनदा दाबून, मध्ये किंचित थांबून, नेमकं बाबांच्या लयीत. कोणी शिकवलं, तिनं विचारलं.

"बाबा सांगते नं," सौरव म्हणाला. जेवण झालं का म्हणावं, इतक्या साधेपणानं.

तिनं ते चेष्टेवारी नेलं. पण त्याची बायको हर्षा भाजी चिरता चिरता खालच्या आवाजात म्हणाली, की हे आजकाल गाडीतच बसून राहतात, एकटेच बोलतात आणि मधूनमधून गप्प होतात, ऐकल्यासारखे.

मयुरा उठून बाहेर गेली. दार उन्हानं तापलं होतं, हाताला चटका बसला. आतली बाजूची सीट मधोमध दबलेली होती. तिनं तिथं तळवा ठेवला. मग काढला आणि पुन्हा ठेवला. सगळी गाडी भट्टीसारखी, आणि तेवढी जागा थंड.

निघताना सौरव तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. थोडा लाजल्यासारखा हसला.

"ताई, बाबा मले डायवर म्हणते. काहून म्हणत असतील वं?"

माहीत नाही, असं मयुरा म्हणाली. नागपूर येईपर्यंत बसमध्ये ती खिडकीचा गज धरून बसली होती. बाबा परत आले, याची तिला भीती वाटली नाही. ते कोणाकडे आले, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. जिवंतपणी गाडी त्याला दिली. आता मयुराचं नावही दिलं.

मग ती स्वतःच कामठीला गेली. तशीच एक काळी मूठ शोधली, अंगठ्याच्या जागी पॉलिश पेपरनं घासून झिजवली, आणि सौरव आंघोळीला गेला असताना बदलून टाकली.

त्यानंतर ती आली तेव्हा सौरव स्टिअरिंग धरून बसला होता. दाढी वाढलेली. गिअर पुन्हा खरखरू लागले होते.

"बाबा बोलत नाही आता," तो म्हणाला. "माझं काही चुकलं का?"

त्याचा चेहरा पाहून तिला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, हेही तिला कळत होतं. मी एक चक्कर मारून येते, ती म्हणाली. त्यानं निमूटपणे किल्ली दिली.

बाग मागं पडल्यावर तिनं गाडी थांबवली, पर्समधली बाबांची मूठ काढली आणि घट्ट फिरवून बसवली.

रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं. दुसरा गिअर पडला. तिसराही पडला.

कालव्याच्या पुलावर बाजूच्या सीटची स्प्रिंग करकरली. सीट हळूहळू खाली गेली, कोणी बसावं तशी. तिच्या डाव्या दंडाला गारवा लागला.

तिनं तिकडं पाहिलं नाही. त्या एका शब्दाची वाट पाहत राहिली.

"सौरव," बाबांचा आवाज आला. "मयुरा दिसत नाही गा. कुठी गेली?"

"मीच आहे, बाबा," ती म्हणाली. "मी मयुरा."

स्प्रिंग पुन्हा करकरली. सीट वर आली. गारवा गेला.

तिनं पुलावरच गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवून ती त्या सपाट सीटकडे बराच वेळ पाहत राहिली. पाणी खालून वाहत होतं.

मग तिनं घसा खाकरला आणि आवाज जमेल तितका जाड केला.

"घरी आहे ताई, बाबा."

सीट दबली.

"बरं," बाबा समाधानानं म्हणाले. "आता तिले आणत नको जाऊ."

मयुरानं क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"नाही आणत," ती म्हणाली. या वेळी आवाज जाड करावा लागला नाही.