उजवीकडे ओढणारी गाडी

बेरशेव्याच्या गॅरेजातून आमची दुरुस्त झालेली गाडी आणायला आम्ही दोघं गेलो, तो गुरुवार होता. उन्हं कलती झाली होती. माझे यजमान सामाजी या गाडीतून गावात पाव पोचवतात. दगडावर आदळून पुढचा अ‍ॅक्सल मोडला होता. त्स्वी मिस्त्रीनं भंगारात पडलेल्या, अपघातात चेपलेल्या एका गाडीचा काढून बसवला. बेकरीवाल्यानं बजावलं होतं, आयतवारी गाडी नीट धावली नाही तर काम दुसऱ्याला. आमच्या येरुहामात, वाळवंटातल्या गावात, दुसरं काम होतं कुठं?

मी नवस बोलले होते, म्हणून मलिदा घेऊनच गेले. भिजवलेले पोहे, गूळ, खजूर. नारळ या देशात कुठून आणायचा? ताट सीटवर ठेवलं. नवसाच्या मलिद्याला आम्ही यहुदी लोक आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, नाव घेऊन बोलावतो. पण यांची घाई. मी नुसतं म्हटलं, "ये बाबा, बस. जेव." नाव राहूनच गेलं.

रस्त्याला लागलो आणि गाडी उजवीकडे ओढायला लागली.

"स्टेअरिंग धरता येत नाही का?"

"तू धर. बघू."

शेजारून हात घालून धरलं. मी कुणाला भीत नाही. मिस्त्रीनं आमच्यासमोर दोरी लावून चाकं तपासली होती, सरळ होती. पण ते स्टेअरिंग उबदार लागलं... कुणीतरी आधीच धरल्यासारखं. ओढही दांडगाईची नव्हती. समजूतदार होती.

"अहो, सोडा हात."

"खड्ड्यात जाऊ."

"सोडा म्हणते ना."

गाडी आपली आपण वळली, कच्च्या वाटेनं गेली, दगडांच्या एका ढिगापाशी थांबली. इंजिन बंद पडलं. वारा नाही. नुसता ओल्या तंबाखूचा वास... आमच्यात कुणी ओढत नाही.

सामाजी पुटपुटले, "हा अ‍ॅक्सल ज्या गाडीचा, तिचा ड्रायव्हर कुठं मेला... विचारायला हवं होतं."

"आता विचारायचं काय राहिलं?"

मी ताट उचलून दगडांवर ठेवलं. "बोलावलं मी, तेव्हा जेवू घालणं माझं काम. पण गाडी आमची आहे, पोटही आमचंच. सरळ जाऊ दे."

गाडी सरळ गेली. आयतवारी पाव वेळेवर पोचला, पुढंही पोचत राहिला. दर गुरुवारी आम्ही तिथं मलिदा ठेवतो. सुखाचं चाललंय आमचं. खोटं कशाला सांगू?

औंदा ती गाडी मोडीत काढली, अ‍ॅक्सलसकट. नवी कोरी घेतली. परवा पहिल्यांदाच तिच्यातून त्या वाटेपाशी आलो. मी काही बोलायच्या आत सामाजींनी हात काढून मांडीवर ठेवले.

स्टेअरिंग हळूहळू उजवीकडे फिरत होतं.