'आ'ची रेघ

लिफ्टमध्ये त्याने विचारलं, "कितवा मजला?" मी चार बोटं दाखवली. तो हसला. "बोलायला पैसे पडतात वाटतं?"

मी काय सांगणार... माझ्या स्वरतंतूंवरची गाठ नुकतीच काढली होती, डॉक्टरांनी मौन पाळायला सांगितलं होतं. मुलुंडच्या बालवाडीत गाणी शिकवता शिकवता ती गाठ आलेली. चौथ्या मजल्यावर आम्ही दोघंही उतरलो, एकाच दारात शिरलो. घाटकोपरच्या त्या दवाखान्यात आवाज तपासणारा तोच होता – यज्ञेश. माझा कागद वाचताना त्याचे कान लालेलाल झाले. मौनातही पोट धरून हसता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मौन सुटलं, तशी मी दर आठवड्याला जाऊ लागले. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं. माइकसमोर एका दमात 'आ' म्हणायचं. पडद्यावर आवाजाची रेघ उमटायची. निरोगी गळ्याची रेघ संथ वाहते, तो सांगायचा. माझी मात्र थरथरायची, दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीसारखी. मग तो खुर्ची जवळ ओढायचा, सोनचाफ्याचं फूल पुढे धरायचा. हुंगताना घेतेस तसा श्वास घे, म्हणायचा. मी घ्यायची... आणि रेघ आणखीच थरथरायची.

घरी आई म्हणे, "अगो, बरा तर बोलतंस." पण डॉक्टरांचा विश्वास रेघेवर. पुढच्या खेपेलाही अशीच आली तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि मग गाणं राहील की नाही, हे कुणीच सांगेना. माझी चिमुरडी मुलं तर रोज दारात विचारत होती, बाई, गाणं कधी?

त्या खेपेला यज्ञेश वांद्र्याला कामाला गेला होता. त्याच्या वरिष्ठ सुगंधाताईंनी माइक लावला. मी 'आ' म्हटलं – आणि रेघ सरळ, शांत वाहत गेली. ताईंनी जुन्या रेघा काढल्या. त्या सगळ्या यज्ञेशने घेतलेल्या. तेवढ्यात तो धापा टाकत आला, हातात चाफा.

"तू इथे बस," ताई त्याला म्हणाल्या, "आणि तू पुन्हा म्हण गं."

रेघ थरथरली. ताई चहाला निघून गेल्या.

तो पडद्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "म्हणजे इतके दिवस... मी?"

"वाट लावलीस ना माझ्या रिपोर्टची."

त्याने माइक स्वतःकडे ओढला. डोळे मिटून 'आ' म्हटलं. त्याची रेघ माझ्याहूनही वेडीवाकडी.

"आता तू बोल," तो हळूच म्हणाला.

मी बोलले नाही, गायले. गाठ काढल्यापासून पहिल्यांदा –

हरवला माझा सूर, बाई कुणाला गावला
चाफ्याच्या ओंजळीत ज्यानं जपून ठेविला...

सुगंधाताईंची रेघ बघून डॉक्टरांनी दुसरी शस्त्रक्रिया रद्द केली. आता बालवाडीत पहिला सूर लावण्याआधी मी चाफा हुंगल्यासारखा श्वास घेते. त्या श्वासात सगळ्यांचे आभार मानून घेते – डॉक्टरांचे, ताईंचे, त्या गाठीचेसुद्धा. त्याचे तेवढे मोठ्याने मानायचे राहतात... नाव घ्यायला जावं, तर आवाज अजून थरथरतो.