टायर म्हातारे कोणी केले?

"खेच लहानू! ती वरची कैरी पाह्य! अजून खेच!"

लहानूने एक डोळा मिटला, जीभ दातांत धरली आणि गलोल पार कानापर्यंत ताणली. फट्ट! कैरी होती तिथेच राहिली, आणि रबराचं तुटलेलं टोक लहानूच्या नाकावर सणसणीत बसलं.

"आई वं! मेलो बाप्पा!"

"नाक जागेवर आहे ना? मंग नाही मेला," भैय्याजीने निर्वाळा दिला.

भैय्याजी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण तेराव्या वर्षीच तो येणाऱ्याजाणाऱ्याला इतका सल्ला द्यायचा, की सगळं काटोल त्याला भैय्याजीच म्हणू लागलं. दर सुट्टीत तो नागपूरला, सक्करदऱ्याला, आपल्या मामाजींकडे म्हणजे गणपतरावांकडे यायचा. गणपतरावांच्या मोठ्या आवारात एका कोपऱ्याला दोन खोल्या होत्या. तिथे गोपिका आणि तिचा धाकटा भाऊ लहानू राहायचे. त्यांचे वडील बळीराम गणपतरावांची अँबेसेडर चालवायचे. लग्नसराईत त्या गाडीला भारी मागणी!

गोपिकाने तुटलेलं रबर उचललं आणि बोटांवर ताणून पाहिलं. त्यावर आडव्या बारीक बारीक भेगाच भेगा!

"अरे, ही तर आपण होळीले केली होती ना? नव्या ट्यूबची! भैय्याजी, तुही गलोल दाखव बरं."

भैय्याजीने खिशातून आपली गलोल काढली. रबर त्याच ट्यूबचं होतं, पण गुळगुळीत! एक चीर नाही.

"लहानू, तू कुठी ठेवत होता रे गलोल?"

"गाडीच्या शेडमध्ये. पत्र्याजवळच्या खिळ्याले ताणून बांधत होतो. ताणून ठेवली का रबर जोरदार होते!"

"कोनं सांगितलं तुले?"

"भैय्याजीनं!"

भैय्याजी घाईघाईने कैऱ्या मोजायला लागला. गोपिका त्याला सोडणार नव्हती. पण तेवढ्यात शेडकडून गणपतरावांचा आवाज आला आणि तिघेही पळत सुटले.

शेडसमोर सगळं आवार जमलं होतं. गणपतराव गाडीच्या टायरवर काठी आपटत होते.

"दिवाळीले स्टेपनीसकट पाच नवे टायर घेतले! अन् आता पाहा, उन्हाळ्यातल्या टाचेसारखे फुटले! हे नवे टायर आहेत? नवे विकून खाल्ले अन् भंगारातले आणून लावले! काहून गा बळीराम?"

"मालक, मी असं काहून करीन?" बळीरामचा आवाज शांत होता. "मीच तर महिनाभरापासून सांगून राहिलो, का टायरले भेगा पडून राहिल्या म्हणून."

"चोराच्या उलट्या बोंबा!"

"बिल काढा मालक. त्यावर टायरचे नंबर असतील. जुळवून पाहू."

"बिल..." गणपतराव जरा अडखळले. "ते कुठी ठेवलं ते आठवत नाही. बिलाचं सांगू नको मले! चावी दे इकडे."

गाडीच्या चावीला एक लहानसं घुंगरू होतं. ते गोपिकाच्या आईने, भीमाबाईने, बांधलं होतं. बळीराम घरी आला की आधी घुंगरू ऐकू यायचं आणि मग बळीराम दिसायचा. आता ते एकदाच किणकिणलं आणि गणपतरावांच्या खिशात गेलं.

"येत्या इतवारी काटोलची वरात आहे. दुसरा डायवर घेऊन येईन. तुही खोली खाली करायची तयारी ठेव!"

बळीराम खोलीकडे निघून गेला. गोपिकाच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. गाडीत विसरलेली छत्री परत द्यायला जो माणूस भर उन्हात सायकलने कामठीपर्यंत गेला होता, त्याला चोर म्हणायचं! आणि तेही सगळ्यांच्या देखत!

"आता रडायचं का?" लहानूने मुसमुसत विचारलं.

"रडणं मागून," गोपिका म्हणाली. "आधी शोधायचं!"

दुपारी गणपतराव घोरायला लागले, तशी भैय्याजीने त्यांच्या सदऱ्यातून चावी अलगद काढली. घुंगरू वाजू नये म्हणून त्याने ते तोंडातच धरलं होतं! तिघांनी डिकी उघडली. आतली स्टेपनी काळीभोर, ठणठणीत होती.

"झालं! हिच्यावर भेगा नाहीत, म्हणजे टायर चांगलेच होते!" भैय्याजी आनंदाने ओरडला.

"गणपतकाकाजी म्हणतील, ही विकायची राहून गेली," गोपिका म्हणाली. "इकडे पाह्य. या बाजूचे दोन टायर जास्त फुटले. त्या बाजूचे कमी. असं काहून?"

जास्त फुटलेली बाजू पत्र्याच्या भिंतीकडे होती. लहानूचा खिळाही त्याच भिंतीला! आणि भिंतीपलीकडे गणपतरावांचे साळे रुपराव कूलर बनवत. होळी झाली रे झाली, की निम्म्या नागपूरला कूलर कालच हवा असतो. त्यामुळे पलीकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोखंडी सांगाड्यांचं वेल्डिंग चालायचं. आताही पत्र्याच्या फटींतून निळा लखलखाट दिसत होता. गोपिकाने मान वर केली. भिंतीचा वरचा एक पत्रा काढलेला होता आणि तिथे बसवलेला भलामोठा पंखा पलीकडची हवा सरळ गाडीवर सोडत होता! जवळपास वीज पडल्यावर येतो तसा तिखट वास नाकात शिरला.

चावी परत सदऱ्यात ठेवून तिघांनी थेट रुपरावांना गाठलं.

"मामा, हा पंखा इकडे काहून लावला?" भैय्याजीने विचारलं.

"मंग काय गिऱ्हाइकाच्या तोंडावर लावू? त्याईले धुरानं खोकला येते," रुपराव हसत म्हणाले. "गाडीले कुठी खोकला येते!"

तिथेच एका स्टुलावर गोपिकाच्या विज्ञानाच्या बाई, शोभाताई, बसल्या होत्या. रुपराव त्यांना गेला आठवडाभर "कूलर उद्या देतो" म्हणत होते. गोपिकाने त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

"बाई, ही हवाच रबर खाऊन राहिली! तुम्ही सांगा ना काकाजींले!"

"मी सांगितलं तर ते फक्त माझं म्हणणं होईल," शोभाताई म्हणाल्या. "तू रबरालाच बोलतं कर. रबर एकाच ट्यूबचं घे, ताणही सारखाच ठेव. बदलायची ती फक्त जागा. मग कोणी नाही म्हणून दाखवू दे!"

भैय्याजीने खाऊच्या पैशांतून नवी ट्यूब आणली. तीन फळ्या घेतल्या. प्रत्येक फळीवर रबराची एक पट्टी ताणून आणि एक सैल ठोकली. पण गोपिकाला एक शंका होतीच.

"काकाजी म्हणतील, पोरांनी रबर बदलवलं!"

"ते माझ्यावर सोड!" भैय्याजी म्हणाला.

गणपतरावांना एक सवय होती. आपल्या प्रत्येक वस्तूवर ते पांढऱ्या रंगाने नाव टाकायचे. बादलीवर नाव, शिडीवर नाव, पाण्याच्या ड्रमच्या झाकणावरही नाव! भैय्याजी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊनच त्यांच्यापुढे उभा राहिला.

"मामाजी, आमचा सुट्टीचा प्रयोग आहे. कोनी रबर बदलवू नये म्हणून खिळ्यांवर तुमची सही पाहिजे. तुमच्या सहीले सारेच भेतात!"

"शाब्बास! असं हुशार राहावं लागते!" गणपतराव खूश झाले. "नाहीतर लोक नव्याचं जुनं करतात!" आणि त्यांनी एकूण एक खिळ्यावर ऐटीत सही ठोकली. गोपिकाने हसू ओठांत दाबलं.

एक फळी शेडमध्ये भिंतीजवळ गेली, दुसरी गच्चीवर रणरणत्या उन्हात, आणि तिसरी भैय्याजीच्या खाटेखाली. चार दिवस लहानूने शेडसमोर पहारा धरला. पण शुक्रवारी तो पाणी प्यायला गेला आणि नेमके तेव्हाच रुपराव शेडमध्ये आले! लहानू परत येऊन पाहतो तर फळी त्यांच्या काखेत.

"मामा, थांबा! ती फळी नेऊ नका!"

"चल हट! कूलरच्या पायाखाली लावायले फळीच शोधून राहिलो होतो मी."

"न्या मंग! पन तिच्यावर काकाजींची सही आहे!"

रुपरावांनी फळी उलटून पाहिली. त्या घरात ती सही असलेल्या वस्तूला हात लावायची कोणाची छाती होती? त्यांनी फळी मुकाट्याने जागेवर ठेवली आणि वरून फुंकर मारून धूळही झटकली!

शनिवारी सकाळी गणपतराव नव्या ड्रायव्हरला आणायला निघाले, तर शेडच्या दारात तिन्ही फळ्या मांडून पोरं उभी. शोभाताईही आलेल्या होत्या. भैय्याजीने सगळं आवार गोळा केलं होतं.

"काकाजी, पाच मिनिटं थांबा," गोपिका म्हणाली.  मागे बळीराम उभा होता, आणि त्याच्यासमोर मागे हटायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "ही खाटेखालची फळी. रबर चांगलं. ही गच्चीवरची. रंग जरा उडाला, पन रबर चांगलं. अन् ही शेडमधली!"

शेडमधल्या ताणलेल्या पट्टीवर भेगांची जाळी पडली होती. गोपिकाने तिला बोटाने नुसतं खेचलं आणि ती कट्कन तुटली! शेजारची सैल पट्टी मात्र धडधाकट होती.

"उनानं झालं असंल!" रुपराव पुटपुटले. "नागपूरचं ऊन हाये म्हटलं!"

"मंग गच्चीवरचं काहून नाही तुटलं मामा?" लहानू ओरडला. "शेडमध्ये कुठी ऊन येते?"

"हे सगळं खोटं आहे!" गणपतरावांनी काठी आपटली. "तुम्ही नवं काढून जुनं रबर लावलं!"

"काकाजी," गोपिका हळूच म्हणाली, "खिळ्यांवर सही कोनाची आहे?"

गणपतराव वाकले. त्यांनी एक खिळा पाहिला, दुसरा पाहिला, मग चष्मा पुसून पुन्हा पहिला पाहिला. पांढरी सही कुठेच तडकलेली नव्हती, म्हणजे एकही खिळा कोणी उपटला नव्हता. 

शोभाताई पुढे आल्या. "गणपतराव, वेल्डिंगच्या झगझगाटाने हवेतच ओझोन नावाचा वायू तयार होतो. तो तिखट वास येतो ना, तोच. ताणलेल्या रबराला तो चिरा पाडतो. उभ्या गाडीचा भार टायरांवर असतो, त्यामुळे ते ताणलेलेच. स्टेपनी बंद डिकीत होती, तिच्यावर ना भार, ना ही पलीकडची हवा, म्हणून ती वाचली. टायर तेच आहेत. या पंख्याने त्यांना एका उन्हाळ्यातच म्हातारं केलं!"

सगळ्यांच्या माना रुपरावांकडे वळल्या. रुपरावांना एकाएकी खोकला आला.

"मंग बळीरामनं..." गणपतराव म्हणाले आणि थांबले.

"काकाजी, तुम्ही बाबाले चोर म्हटलं ते सगळ्यांसमोर म्हटलं होतं," गोपिका म्हणाली. 

गणपतरावांनी काठी भिंतीला टेकवली. ते हट्टी होते, कोडगे नव्हते. बळीरामसमोर जाऊन ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बळीराम, चुकलं गा माझं! तू सांगून राहिला होता अन् मी ऐकलं नाही. टायर कोनी बदलवले नाहीत. माझ्याच शेडनं खाल्ले." आणि त्यांनी खिशातून चावी काढली.

बळीरामने लगेच हात पुढे केला नाही.

"चावी घेतो मालक. पन या टायरांवर मी वरात नेणार नाही. रस्त्यात फुटले तर नवरा-नवरीचा जीव जाईल. अन् गाडी आता इथी उभी राहणार नाही."

"हाव गा! आजच्या आज नवे घाल. अन् रुपराव, तो पंखा काढा आधी!"

"वेल्डिंग उघड्यावर करा," शोभाताईंनी बजावलं. "आणि माझा कूलर आज द्या! गोपिका, शाळा उघडली की हा प्रयोग सगळ्या वर्गाला तू करून दाखवायचास. मी मागे बसून पाहणार!"

"अन् हा माझा भाचा!" गणपतरावांनी भैय्याजीचा कान धरला, पण ओढला नाही. "माझ्याच सहीनं मले धरलं! तिघंही लय हुशार निघाले बाप्पा!"

बळीरामने गाडी सावकाश बाहेर काढली. लहानू आणि भैय्याजी धावत जाऊन मागे चढले. गोपिकाही मागचं दार उघडायला गेली, तशी बळीरामने आतून पुढचं दार उघडलं. त्या जागेवर आजवर गणपतरावांशिवाय कोणी बसलं नव्हतं. बळीरामने गणपतरावांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

"ये वं गोपिका," बळीराम म्हणाला, "समोर बस."

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि टायरच्या दुकानाकडे हळूहळू निघाली. रस्ता खडबडीत होता. घुंगरू वाटभर वाजत होतं.