डोळ्यांदेखत

पोरी पहिल्या भेटीत पोराकडे काय मागतात ते मला माहीत नाही. आमच्या वेळी मागायची सोय नव्हती. पण सविताने माझ्या आल्हादकडे थुंकी मागितली. भर रामकुंडावर, कमळाबाईच्या फुलांच्या पाटीशी उभं राहून.

सन दोन हजार दोनचा माघ. आल्हाद कुंडावर यजमानांचे विधी चालवायचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच. त्याचा आवाज असा, की त्याने संकल्प सांगायला घेतला की शेजारच्या घोळक्यातली माणसंही हात जोडायची. माझा मुलगा म्हणून नाही सांगत, साऱ्या पंचवटीला विचारा. पण दिवाळीपासून त्या आवाजाला चीर गेली होती. गोत्राचं नाव तोंडात असतानाच खोकला यायचा, तो उपरण्यात तोंड खुपसायचा आणि यजमान नदीकडे बघत बसायचे. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं. खोकला ऐकेना.

त्या सकाळी तो बेल-फुलं घ्यायला गेला आणि पाटीशीच वाकून खोकला. तिथे एक सावळी, काटकुळी मुलगी कमळाबाईला काय खातेस, पाणी कुठलं पितेस, असलं काहीबाही विचारत बसली होती. तिने मान वर केली. पुढचं मला कमळाबाईने तिखटमीठ लावून सांगितलं.

"कधीपासून आहे हा खोकला?"

"दिवाळीपासून... का हो?"

"फुलं मग घ्या, गुरुजी. उद्या सकाळची थुंकी हवी मला. डबी देते."

आल्हाद म्हणे जास्वंदासारखा लाल झाला. घरी आला तो डबी उपरण्याच्या गाठीला बांधून, हसत हसत. कुणी डॉक्टरीण आहे म्हणाला, अशी बघते, जसा काही माझ्या छातीचा दरवाजा तिच्या रोजच्या ओळखीचा.

हसणं फार दिवस टिकलं नाही. क्षय निघाला.

आमच्या गल्लीत हा शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही. ज्याच्या तोंडून मंत्र घ्यायचे त्यालाच क्षय म्हटल्यावर समोर बसणार कोण? सरकारी दवाखान्यात औषध फुकट होतं, पण ते तिथे जाऊन कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळायचं, दिवसाआड, महिनोन्‌महिने. आल्हाद नाही म्हणाला. दवाखान्याची रांग रस्त्यावर यायची, आणि त्याच रस्त्याने आमचे यजमान जायचे.

मग तीच आली. भांड्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. तो अंधारा जिना चढून आली आणि दारात चपला नीट जोडून ठेवल्या. मी नाव विचारलं, मग आडनाव. सविता गावित, पेठच्या पलीकडचं डोंगरातलं गाव. पंचवटीत आडनाव विचारलं की माणूस कुठला, कोणातला, ते कळतं. मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. मी एवढंच म्हटलं, की डॉक्टर झालीस ना, मग सुया टोचायच्या सोडून लोकांचे जिने का चढतेस?

ती म्हणाली, त्याच्याही पुढचं शिकतेय, सामाजिक वैद्यक. रोग पुस्तकात आहे, औषधही पुस्तकात आहे; पण औषध हातात असून माणूस ते मध्येच का सोडतो, ते पुस्तकात नाही. ते शोधतेय. तिचा बाप द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे यायचा. त्याला हाच रोग. जरा बरं वाटलं म्हणून गोळ्या टाकून भात लावायला घरी गेला, तो पुढची लावणी काही त्याने बघितली नाही. पत्ता सांगावा तसं तिने हे सांगितलं.  

मी म्हटलं, ठेवून जा गोळ्या, मी गिळवते. जन्माला मी घातलंय त्याला.

"म्हणूनच नाही, काकू. या कामावर घरच्या माणसाला नेमत नाहीत."

"का? माझ्या मायेत खोट आहे?"

"खोट नाही म्हणून. माया असलेलं माणूस एखाद्या दिवशी सूट देतं."

मला राग आला.  शेवटी ठरलं, की तीच यायची, दिवसाआड, तो कुंडावर निघायच्या आधी.

पहिल्या दिवशी त्याने एकेक गोळी गिळली. ती त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. गिळायला एवढा वेळ लागत नाही हे मलाही कळतं. त्याचं ताट, वाटी, तांब्या मी वेगळं काढून कोपऱ्यात मांडलं होतं. ते बघून ती म्हणाली, भांड्यांतून हा रोग जात नाही. खोकताना तोंड झाकावं, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि मला पटेना हे बघून तिने त्याचा तांब्या उचलला आणि त्यात उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

आमच्याकडे पुरुषाचं उष्टं पाणी त्याची बायको पिते, दुसरं कुणी नाही. हे तिला माहीत नव्हतं, की माहीत असून... मी आल्हादच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि तो तांब्या कोपऱ्यातून उचलून सगळ्यांच्या भांड्यांत ठेवला.

मग सकाळ कशी उजाडायची ते त्या दोघांनाच ठाऊक. तो उगाच धोतराच्या निऱ्या दोनदा घालायचा. मी आत पोळ्या लाटायचे, कान बाहेर.

"तोंड उघडा. जिभेखाली बघू."

"एवढा अविश्वास, डॉक्टरीणबाई?"

"तुम्ही शब्दांवर पोट भरणारी माणसं. जिभेखाली काय लपवाल, सांगता येतं?"

"लपलंय खरं बरंच काही... गोळी सोडून."

 माझी पोळी करपली.

कधी तो कमळाबाईकडचा सोनचाफा तिच्या कापडी पिशवीवर ठेवायचा. तिने तो केसांत कधी माळला नाही. पण पिशवी उघडली की गोळ्यांच्या वासाऐवजी चाफ्याचा वास यायचा, म्हणजे आतमध्ये कुठेतरी ती ते जपत होती.

चैत्र आला. रामनवमीची गर्दी, त्यात इंदूरचे मोठे यजमान, दिवसभराचे विधी आणि आल्हादला उपास. रिकाम्या पोटी त्या गोळ्यांनी त्याला मळमळायचं, आवाज बसायचा. तो म्हणाला, "आज नको ना... परवा घेईन." फार हळू म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने पुडी परत पिशवीत ठेवली. परवा आला, त्याने पुन्हा सूट मागितली, तिने पुन्हा दिली. मग आणखी एकदा.

ठरल्याप्रमाणे थुंकी पुन्हा तपासायला गेली. एव्हाना ती स्वच्छ यायला हवी होती. जंतू होतेच. त्याच आठवड्यात उपरण्यावर तांबडा ठिपका दिसला.

मी दळण घेऊन आले तर सविता आमच्या जिन्यात बसलेली.  म्हणाली, जोराच्या गोळ्या आता महिनाभर वाढतील, आणि यापुढे चुकलं तर हे औषध त्याला लागू पडेलच असं नाही. मग काय, असं मी विचारलं.  काय ते मलाही माहीत होतं, तिलाही. तिने ते घरात बघितलेलं होतं.

पुढच्या खेपेला ती आली ती कमळाबाईला घेऊन. उंबऱ्याबाहेरच थांबली आणि पिशवीतला औषधाचा खोका कमळाबाईच्या हातात दिला. आजपासून या बघतील, म्हणाली. आल्हादने तिच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला वाटलं तेच मला वाटलं.

"घाबरलीस होय?" मी म्हटलं. "तांब्यातलं पाणी पिताना बरी नव्हती वाटली भीती. आता तांबडं दिसलं आणि डोंगर आठवला?"

तिने मान खाली घातली नाही. ती खाली घालणारी नव्हतीच.

"काकू, पहिल्या दिवशी मी तुम्हाला एक सांगितलं होतं. या कामावर घरच्या माणसाला नेमत नाहीत."

"बरं, मग?"

"मी आता... नेमण्यातली राहिले नाही."

भिंतीकडे तोंड करून बसलेला माझा मुलगा हळूहळू वळला. त्या दोघांमध्ये उंबरा होता, कमळाबाई होती, मी होते.  खाली दुकानात भांड्याला ठोका पडत होता.

मग कमळाबाई म्हणाली, "मला माया-बिया काय नाय, देवा. आ कर."

त्या दिवसापासून सविता जिना चढली नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. पावसात भिजत ती फुलांच्या पाटीशी यायची, कमळाबाईला एकच शब्द विचारायची — "गिळली?" — आणि जायची. आल्हाद लांबून, छत्रीखालून बघायचा. कधी तिने पदर डोक्यावर ओढायचा आणि त्याने छत्री किंचित तिच्या दिशेला कलती करायची, मधे अख्खं कुंड असताना. आता त्या छत्रीने तिच्यावरचा पाऊस थांबणार होता का? पण मी हसले नाही.

भाऊबंद कुजबुजले. गावितांची म्हणाले, डोंगरातली म्हणाले, तुमचं घराणं काय, म्हणाले. मी सांगितलं, माझा मुलगा खोकत होता तेव्हा तुमच्यातल्या एकाने तरी त्याच्या तांब्यातलं पाणी पिऊन दाखवलं असतं, तर तुम्हाला विचारून सून आणली असती. त्यानंतर माझ्या दारात कुणी आलं नाही.

भाद्रपदात गणपती उठले. पितृपक्ष तोंडावर, आल्हादच्या कामाचे दिवस. गोदावरी चढली होती, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालेला, कुंडाच्या पायऱ्या दिसेनाशा. कमळाबाईने पाटी वरच्या अंगाला हलवली होती. आल्हादची थुंकी केव्हाच स्वच्छ आली होती. शेवटच्या गोळ्या तेवढ्या उरल्या होत्या. मी घरून तांब्या भरून नेला.

सविता आली होती. आमच्याकडे पाठ करून, नदीकडे बघत उभी राहिली. झिमझिम पडत होतं. तिने पदर घेतला नव्हता.

परदेशी जायचं होतं तिला, साऱ्या जगाच्या आरोग्याचा अभ्यास करायला, एक वर्ष. दसऱ्यानंतर निघायचं होतं. तिने ते मलाच आधी सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, जगाचं बघशील ते बघ, आधी आपल्या हाडांवर थोडं मांस चढव. जाऊ नकोस, असं मी म्हटलं नाही. बाप अर्ध्यात सोडून गेला, तिने तरी काही अर्ध्यात सोडू नये.

"गिळली?" तिने वळल्याशिवाय विचारलं.

कमळाबाईने त्याच्या जिभेखाली नीट बघितलं, एक बाजू, दुसरी बाजू.

"गिळली. संपलं औषध."

सविताचे खांदे हलले. आल्हाद उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज मी कित्येक महिन्यांनी तसा ऐकला, चीर नसलेला.

"आता तरी वळून बघ. आता बघायला माया आड येत नाही."

ती वळली. चेहऱ्यावर पाऊस होता की काय ते मला सांगता येणार नाही.

"एक वर्ष आहे," ती म्हणाली. "जमेल तुला?"

"जमेल. पण वर्षाच्या वर एका दिवसाची सूट मिळणार नाही."

"माया आहे ना तुझी? मग देशील की..."

"आईला नेमतो पहारा करायला. ती कुणालाच देत नाही."

दोघंही हसली. मग त्याने तांब्या पुढे केला. अर्धं पाणी उरलं होतं. या वेळी ती घटाघटा प्यायली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं. ते पाणी कुणी प्यायचं असतं हे तिला ठाऊक होतं, आणि मला वाटतं, पहिल्या दिवशीही ठाऊक होतं.

मी मान डोलावली आणि नदीकडे तोंड फिरवून उभी राहिले. घरच्या माणसाला या कामावर नेमत नाहीत.