बायनाबाईची सीट

चामोर्शीत मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. ही गोष्ट सांगताना आजही मान वर होत नाही.

चैत्रातली दुपार होती. दवाखान्यातली नर्स हर्षा तिची जुनी घेतलेली गाडी घेऊन आली. "भाऊ, घोटच्या रस्त्यावर एका जागी हा स्क्रीनवरचा नकाशा 'थांबा, थांबा' म्हणते. बाकी कुठी नाई."

तिथंच जाऊन बघू म्हटलं. गाडी ओळखीची वाटली, पण मी तो विचार झटकला.

त्या जागी वाळक्या डहाळ्यांचा ढीग होता. वाघानं माणूस मारला की तिथून जाणारा प्रत्येक जण एक डहाळी टाकून पुढे जातो. हर्षानं उतरून सागाची डहाळी टाकली.

"माही आजी, बायनाबाई. मागच्या साली मोहफुलं घेऊन बाजाराले निघाली होती. कोनी गाडी थांबवली नाई," ती परत बसत म्हणाली.

वर्षभरात मी इथून कितीदा गेलो असेन. एकदाही डहाळी टाकली नव्हती.

मी स्क्रीनमधली तपासणी सुरू केली. रंग ठीक. उपग्रह ठीक. दोन्ही स्पीकर ठीक. बाहेर पाखरूही बोलत नव्हतं, आणि बंद काचांच्या आत मोहाचा आंबूसगोड वास भरत चालला होता. शेवटी माईक. आपण बोलायचं आणि यंत्र तेच परत ऐकवतं.

"एक... दोन... तीन," मी म्हणालो.

थोडी खरखर झाली. मग माझाच आवाज आला.

"नाई थांबत, बुढे... नव्या सीटले वास लागन."

हर्षा माझ्याकडे वळली. "भाऊ... हा तुमचा आवाज आहे."

"जुनं रेकॉर्डिंग असन..." म्हणालो खरं. मग सगळं सांगितलं. गाडी कोरी असताना पहिल्या मालकासाठी मीच हा स्क्रीन बसवला होता, आणि तो तपासायला एकटाच इकडे आलो होतो. टोपलीवाल्या म्हातारीनं हात दाखवला. काच वर होती, मी पुटपुटलो आणि वेग वाढवला. संध्याकाळी तिला वाघानं मारल्याचं कळलं. मी आजवर कुणाला बोललो नव्हतो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "डहाळी टाका," एवढंच म्हणाली.

टाकून परत आलो तर मागच्या सीटवर कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजते ती घंटी वाजत होती. मागे कुणीच नव्हतं. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या... बसू द्या तिले," हर्षा हळूच म्हणाली.

चामोर्शीच्या बाजारापाशी घंटी आपोआप थांबली.

हर्षाची गाडी तेव्हापासून ठीक आहे. मी मात्र कुठल्याही गाडीत माईकची तपासणी लावली की तोंड मिटून बसतो, तरी माझ्या आवाजात तेच वाक्य येतं. परवा एका गिऱ्हाइकानं ऐकलं.

"बुढी कोन, भाऊ?"

"जुनं रेकॉर्डिंग असन," मी म्हणालो. माझं बोलणं संपायच्या आत त्याच्या मागच्या सीटची घंटी वाजायला लागली.